बायबलच्या नव्या करारातील पुस्तके निकेयाच्या परिषदेत ठरली का?

नाही. इ. स. ३२५ च्या निकेया परिषदेतील, म्हणजे बिशपांच्या सभेतील, वाद प्रामुख्याने ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयी होता. धर्मग्रंथांची यादी तिच्या नियमांत आढळत नाही. निवड त्याआधीपासूनच ख्रिस्ती मंडळ्यांच्या (स्थानिक चर्चसमूहांच्या) उपासनेतील वाचनातून हळूहळू घडत होती, आणि ग्रंथ प्रेषितांच्या (येशूच्या प्रमुख शिष्यांच्या) काळातला आहे का, त्याची शिकवण परंपरेशी जुळते का व तो सर्वत्र वाचला जातो का, हे तीत पाहिले जाई. इ. स. २०० च्या सुमारास अंत्युखियाचा बिशप सेरापियोन याने ऱ्होसस येथील मंडळीला प्रेषित पेत्राच्या नावाने असलेले ‘पेत्राचे शुभवर्तमान’ वाचण्यास आधी मुभा दिली, पण स्वतः ते वाचल्यावर काही मजकूर भ्रामक वाटल्याने ती मागे घेतली. म्हणजे केवळ प्रेषिताचे नाव पुरेसे नव्हते. मला सर्वांत बोलके वाटते ते ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथाचे उदाहरण: चौथ्या शतकातील सिनाई या बायबलच्या हस्तलिखितात तो समाविष्ट आहे, तर मुरातोरी यादीने (धर्मग्रंथांची एक प्राचीन यादी) तो अलीकडचा म्हणून मंडळीतील जाहीर वाचनातून वगळला, खासगी वाचनास मात्र हरकत घेतली नाही. आजच्या २७ पुस्तकांची नेमकी यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्या इ. स. ३६७ च्या पत्रात दिसते. तरीही सीरियातील मंडळ्यांनी ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकासह त्यांतील पाच पुस्तके त्यानंतरही बराच काळ स्वीकारली नव्हती.