ऑलिव्हच्या सांडपाण्यातला ऐवज

प्रश्न : स्पेनमध्ये ऑलिव्ह तेलाच्या चोथ्यातून अँटिऑक्सिडंट काढतात, असं वाचलं. पण ते तर तेलात असतात ना? मग चोथ्यात उरतं काय?

उत्तर : बहुतेक सगळंच. ही अँटिऑक्सिडंट म्हणजे मुख्यतः पॉलिफिनॉल, आणि फळातल्या पॉलिफिनॉलपैकी जेमतेम एक-दोन टक्के तेलात उतरतात, कारण तेलापेक्षा पाण्याशी त्यांचं जास्त जमतं. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला स्पेनमधल्या घाण्यांनी पाणी वाचवण्यासाठी दोन-फेज डिकँटर बसवले, म्हणजे भरडलेलं फळ वेगाने फिरवून तेल आणि चोथा असे दोनच भाग करणारी यंत्रं. तेव्हापासून तिथे चोथा आणि पाणी वेगळं निघत नाही, एकच ओला लगदा निघतो. त्याला ‘आल्पेरुहो’ म्हणतात. 1000 किलो ऑलिव्हमागे तो साधारण 800 किलो असतो, आणि त्यात 60 ते 70 टक्के पाणी. इटली-ग्रीसमधल्या तीन-फेज घाण्यांतून मात्र तेल, चोथा आणि काळं सांडपाणी असे तीन भाग वेगळे येतात. या पाण्याचा सीओडी (त्यातली घाण पूर्ण ऑक्सिडाइझ करायला लागणारा ऑक्सिजन, म्हणजे प्रदूषणाचं माप) लिटरला 40 ग्रॅमपासून 200 ग्रॅमपर्यंत जातो. पॉलिफिनॉल जिवाणूंना मारक असल्यामुळे हे पाणी शुद्ध करणंही अवघड. म्हणूनच पॉलिफिनॉल आधी काढून घेण्यात दुहेरी फायदा आहे.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत तीन-फेज घाण्याचं गोठवलेलं सांडपाणी आलं आहे. इथाइल ॲसिटेट या द्रावकाने अर्क काढला, तर तो काळपट निघतो आणि हायड्रॉक्सीटायरोसॉल (ऑलिव्हमधलं महत्त्वाचं पॉलिफिनॉल) अगदीच थोडं मिळतं. चूक कुठे होते?

उत्तर : बहुधा तुमच्या हातात नमुना येण्याआधीच. चिरलेलं वांगं उघडं ठेवलं की काळं पडतं, तेच इथे घडतं. फळ भरडलं की पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) हवेच्या मदतीने हायड्रॉक्सीटायरोसॉलचं क्विनोन करतं, आणि क्विनोनचे रेणू एकमेकांना चिकटून तपकिरी रंग होतो. एकदा चिकटलेलं सुटत नाही. गोठवल्याने विकर मरत नाही, नमुना वितळला की पुन्हा कामाला लागतं. म्हणून घाण्यावरच, त्याच दिवशी, हायड्रोक्लोरिक आम्लाने सामू (pH) 2 पर्यंत उतरवून मगच गोठवायला सांगा. अर्क खाण्यात वापरायचा असेल तर सायट्रिक आम्ल घ्या. आम्लाचा आणखी एक उपयोग: कच्च्या ऑलिव्हला कडू करणारं ओल्यूरोपिन त्यात हळूहळू फुटतं आणि त्यात बांधलेलं हायड्रॉक्सीटायरोसॉल मोकळं होतं. याला आठवडे लागतात, घाई करू नका.

पुढे 1 लिटर पाणी सेंट्रिफ्यूजमधून काढा. तळाचा गाळ टाका, वरची तेलाची साय काढा. उरलेलं तेल हेक्झेन या द्रावकाने दोनदा धुऊन घ्या. ही पायरी गाळली की पुढे हमखास त्रास होतो. मग तेवढ्याच आकारमानाचं इथाइल ॲसिटेट तीन-चार वेळा वापरा. फनेल हलक्या हाताने उलटंसुलटं करा. जोरात घुसळलं तर दोन थरांच्या मध्ये लोण्यासारखी साय धरते आणि तासन्‌तास हटत नाही. धरलीच, तर मीठ घालून पुन्हा सेंट्रिफ्यूज करा. द्रावक निर्वातात, 40 अंशांच्या आत उडवा.

मोजमाप एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगवेगळे करून मोजणारं यंत्र) 280 नॅनोमीटर तरंगलांबीला करा. नुसत्या फोलिन चाचणीवर (एकूण पॉलिफिनॉल रंगावरून मोजणारी) विसंबू नका. तिच्यात इतर क्षपणक द्रव्यंही रंग देतात, आणि आकडा फुगतो.

प्रश्न : मोठ्या प्रमाणावर हेच करतात का?

उत्तर : तिथे शक्यतो द्रावक टाळतात. सेव्हिलच्या ‘इन्स्तितुतो दे ला ग्रासा’ या संस्थेत आल्पेरुहोला सुमारे 160 अंशांची दाबाखालची वाफ देऊन पेशीभित्ती फोडण्याची पद्धत विकसित झाली. हायड्रॉक्सीटायरोसॉल त्यामुळे द्रवात येतं. मग तो द्रव रेझिनच्या (पॉलिफिनॉल धरून ठेवणाऱ्या कणांच्या) स्तंभातून सोडतात, पाण्याने साखर धुऊन काढतात आणि इथेनॉलने पॉलिफिनॉल उतरवतात. स्तंभ तुंबतो तो पेक्टिनच्या डिंकाने आणि बारीक गाळाने, त्यामुळे आधीचं गाळण नीट हवं.

उत्पादन विकायचं असेल तर लेबल जपून लिहा. युरोपच्या 432/2012 या नियमातला पॉलिफिनॉलचा आरोग्यदावा फक्त ऑलिव्ह तेलाला लागू आहे, तोही 20 ग्रॅम तेलात हायड्रॉक्सीटायरोसॉल व त्याची संयुगं मिळून किमान 5 मिलिग्रॅम असतील तरच. चोथ्याच्या अर्काच्या कॅप्सूलवर तो छापता येत नाही.