भंगारातल्या बॉनेटवर सराव केला तर पॉलिशिंगचा हात बसतो का? मशीन कोणतं घ्यावं?

बसतो. खरं तर तिथेच बसतो.

मशीनचं पुढे सांगतो. तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य वाचून लिहायला बसलोय. "मित्र म्हणतो भंगारावर काही कळत नाही, थेट गाडीवरच हळूहळू कर." हेच मला २००९ साली ऐकवलं गेलं होतं आणि त्याची किंमत मी मोजलेली आहे.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. कोल्हापुरात, उद्यमनगरच्या बाजूला एका डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात कामाला होतो. पगार तीन हजार. वर्षभर लांबी (पुटी) घासली, मास्किंग केलं म्हणजे रंग नको तिथे टेप-कागद लावला, मग हातात रोटरी मशीन आलं, म्हणजे पॅड एकाच जागी गरगर फिरवणारं. गॅरेजच्या मागे बदललेल्या पार्टांचा ढीग असायचा: फेंडर, दरवाजे, चेपलेली बॉनेटं. एका संध्याकाळी त्यातला एक फेंडर ओढून काढला, लोकरीचं पॅड चढवलं, त्यावर कंपाऊंड म्हणजे रंग घासायची पेस्ट घेतली आणि हात फिरवून बघायला लागलो. मिस्त्री आले, प्लग काढला आणि म्हणाले, "कंपाऊंड काय फुकट येतंय व्हय? मढ्यावर हात फिरवून कोण डॉक्टर झालाय?"

सगळे हसले. मला उत्तर सुचलं नाही. पुढे मेडिकलला गेलेल्या माझ्या मामेबहिणीने सांगितलं, की पहिल्या वर्षी त्यांना मढ्यावरच शिकवतात. जिवंत माणसाला हात लावायला मिळतो तो नंतर. हे मला त्या संध्याकाळी माहीत असायला हवं होतं.

दोन महिन्यांनी काळी मेटॅलिक सेदान आली. गाडीच्या मालकाच्या मुलीचं लग्न चार दिवसांवर. बॉनेट मला दिलं. सपाट भाग छान निघाला. मग मधल्या घडीवर आलो, तिथं एक ओरखडा दिसत होता, म्हणून मशीन थोडं कलतं करून दाबलं. पॅडवर काळं यायला लागलं. मला वाटलं, जुना मळ सुटतोय, म्हणून अजून दाबलं. लगेच बोटभर लांबीचा भाग निस्तेज झाला आणि मध्ये राखाडी रेघ उमटली. तो प्रायमर होता, रंगाखालचा अस्तराचा थर.

क्लिअर कोट म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर. तो असलेल्या गाडीवर पॅडवर पांढुरकं यायला हवं. गाडीचाच रंग आला, तर क्लिअर संपलेला असतो आणि तुम्ही खालच्या रंगात शिरलेले असता. एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती आणि बघायची संधीही दिली नव्हती. बॉनेट रात्रीत पुन्हा रंगवलं. मालकाला सांगितलं, दगड उडाला होता. माझ्या पगारातून सहाशेप्रमाणे तीन महिने कापले. पैशांचं दुःख तेव्हाच विसरलो, त्या खोटं बोलण्याचं अजून आहे.

त्याच रविवारी भंगारवाल्याकडून किलोच्या भावाने एक बॉनेट आणलं. चौदा किलो, दोनशे ऐंशी रुपये. मशीन एका मित्राचं. त्या बॉनेटवर मी चकाकी काढायला गेलो नाही, मी ते जाळायला बसलो.

तुम्हीही हेच करा. चकाकी काढणं अवघड नसतं, ती दुसऱ्याच दिवशी जमते. भंगार हवं ते रंग मरतो कसा हे डोळ्यांनी बघण्यासाठी. टेपने बॉनेटचे सात-आठ चौकोन पाडा. एकात फक्त फिनिशिंग पॉलिश, एकात कंपाऊंड, एकात २००० नंबरचा बारीक वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) मारून मग कंपाऊंड. एका चौकोनात मुद्दाम थांबू नका, प्रायमर दिसेपर्यंत जा. दर फेरीला हाताच्या मागच्या बाजूने पत्र्याची ऊब बघा. वास कधी बदलतो, पॅड कधी कोरडं पडून आवाज चढतो, हे लक्षात ठेवा. मग तेच घडीवर आणि कडेवर करा. सपाट भागात मी कितीतरी वेळ घासलं तरी आरपार गेलो नव्हतो. कडेवर काही सेकंद पुरले.

याचं कारण आहे. ओला रंग धारदार कडेवर टिकत नाही, दोन्ही बाजूंना ओढला जातो, त्यामुळे तिथे थर मुळातच पातळ. वर मशीनचा सगळा दाब त्या अरुंद रेषेवर येतो. क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो. ज्या पातळ कॅरीबॅगांवर बंदी आली ना, तेवढीच जाडी. आणि उन्हापासून रंग वाचवणारी द्रव्यं त्याच थरात असतात, त्यामुळे तो नुसता पातळ झाला तरी नुकसान आहे, ते दोन-तीन उन्हाळ्यांनी दिसतं. म्हणून कडांवर टेप लावायचा आणि ती जागा शेवटी हाताने करायची.

हे "हळूहळू" करून गाडीवर शिकता येत नाही. गाडीवर माणूस घाबरून लवकर थांबतो, म्हणून मर्यादा कुठे आहे हे त्याला कधीच कळत नाही. आणि ज्या दिवशी कळतं त्या दिवशी बॉनेट रंगवावं लागतं. तुमच्या मित्राला हे दाखवा.

मशीन. घरच्या गाडीसाठी ड्युअल ॲक्शन घ्या, म्हणजे पॅड फिरवता फिरवता डोलवणारं. १५ मिलिमीटर डोलणारं, पाच इंची प्लेट. ते कडेवर दाबलं की बहुधा फिरायचं थांबतं, तुम्हाला सांभाळून घेतं. रोटरी धंदा करायचा असेल तरच. मात्र सरावाच्या बॉनेटवर एकदा कुणाचं तरी रोटरी मागून चालवा, हातातली ताकद कशी ओढून नेते ते कळू द्या. ब्रँड मी सांगणार नाही, पॅड चांगली घ्या आणि जास्त घ्या. कंपाऊंड आणि मळाने भरलेल्या पॅडने काम करणं हा नवशिक्यांचा सगळ्यात मोठा गुन्हा आहे.

काम झालं की पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मं-निम्मं करून पुसा आणि दुपारच्या उन्हात बघा. ट्यूबलाइटखाली सगळंच सुंदर दिसतं. पुसल्यावर ओरखडे परत आले, तर ते गेलेच नव्हते, पॉलिशमधल्या तेलाने झाकले होते.

आता काही गोष्टी ज्या आधी सांगायला हव्या होत्या. भंगारातला पार्ट आधी कुठेतरी रंगवलेला असू शकतो, तो कंपनीच्या रंगासारखा वागत नाही. मागची बाजू बघा, मास्किंगच्या रेघा किंवा लांबी दिसली तर सोडून द्या. क्लिअर सालपटासारखा सुटलेला असेल तर घेऊच नका. अपघाताच्या क्लेममध्ये बदललेलं बॉनेट डेंटरकडे मिळालं तर उत्तम, अर्धा भाग तरी कंपनीच्या रंगाचा शाबूत असतो. मुंबईला असाल तर कुर्ल्याला सीएसटी रोडला विचारा. बॉनेट टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून पक्कं करा, नाहीतर ते मशीनबरोबर नाचतं. एक दरवाजाही आणा आणि उभा बांधून करा, कारण गाडीचा बराच भाग उभाच असतो आणि आडव्यावर बसलेला हात उभ्यावर वेगळा पडतो. बंपर प्लास्टिकचा, तो उष्णता धरून ठेवतो, त्याचा सराव पत्र्यावर होत नाही.

किती दिवस लागतील हे विचारलंत. माझ्याकडे आता तीन पोरं कामाला आहेत. गिऱ्हाइकाच्या गाडीला हात लावण्याआधी प्रत्येकाने किमान दोन बॉनेटं जाळलेली आहेत आणि कंपाऊंडचा हिशेब मी कधी मागितलेला नाही.

गाडीचा रंग तुम्ही लिहिला नाहीत. साधा पांढरा किंवा लाल असेल आणि क्लिअर कोट नसेल, तर पॅडवर पहिल्या फेरीपासून रंग येणारच, तिथे घाबरू नका. पण मग रंग दिसला की थांबायचं हा इशाराही तुम्हाला मिळणार नाही. डिकीच्या आतल्या कोपऱ्यात थोडं कंपाऊंड हाताने घासून आधी तेवढं बघून घ्या.