खिशात लायटर असताना पावसाळी भटकंतीसाठी आग पेटवण्याचा सराव करण्याची खरोखर गरज आहे का?

तुम्ही लिहिले आहे की नोकरीनिमित्त चिपळूणला राहायला आल्यापासून सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीच्या घाटवाटा चालता, आणि लायटर व मोबाइल सोबत असताना आग पेटवणे, पाणी उकळणे यांसारख्या गोष्टींचा वेगळा सराव करावा का, असे विचारले आहे. माझे मत आहे की करावा, आणि तो कोरड्या दिवसांत नव्हे, तर आषाढ-श्रावणात आपल्याच परसात करावा.

लायटर फक्त ज्योत देतो, कोकणात अडते ते लाकडापाशी. लाकूड पेट घेण्यासाठी साधारण 250 ते 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापावे लागते, पण त्यात पाणी आहे तोवर दिलेली उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते आणि लाकूड 100 अंशांच्या फारसे वर चढत नाही. त्यामुळे ओल्या फाट्याखाली लायटर धरून बसलेल्या माणसाचा गॅस संपतो, बोटे भाजतात, आणि धुरापलीकडे काही हाती लागत नाही. शिकायचे असते ते कोरडे व बारीक सरपण ओळखणे आणि पहिली काडी ओढण्याआधीच ते पुरेसे जमवून ठेवणे.

आपल्याकडे त्यासाठी नारळासारखे दुसरे झाड नाही. बाहेरून भिजलेले, पण पाण्यात पडून न राहिलेले सोडण (नारळाचे बाहेरचे जाड तंतुमय आवरण) उभे फाडले, तर आतला काथ्या बहुधा कोरडा निघतो. त्याचे तंतू सुटे करून दोन्ही तळव्यांत चोळत राहावे. तपकिरी भुसा खाली गळत जातो आणि हातात मऊ, केसाळ पुंजका उरतो. तो ज्योत लगेच पकडतो, पण भडकण्यापेक्षा धुमसतो अधिक, म्हणून त्यावर लगोलग झावळीच्या सुक्या हिरांची (पात्यांच्या मधल्या काड्यांची) सैलसर जुडी ठेवावी लागते. त्यानंतर सुकलेली पोय (नारळाच्या फुलोऱ्यावरचे कठीण आवरण) चिरून केलेल्या कांबी, मग बोटाएवढ्या काटक्या, आणि आग स्थिरावली की करवंट्या, ज्यांचा जाळ कडक असतो. जंगलात नारळ नसेल तेव्हा जमिनीवर पडलेले लाकूड सोडून झाडावरच वाळून अडकलेली फांदी शोधावी. वाकवताच कडकन मोडणारी फांदी कामाची असते. तिची ओली साल कोयत्याने तासून काढली की आतला गाभा कोरडा मिळतो. जांभा दगड पाणी धरून ठेवतो, त्यामुळे आग थेट जमिनीवर न रचता खाली झावळीचे पिढे (देठाकडचे रुंद, जाड बुंधे) किंवा जाड फांद्या अंथराव्यात. ओढ्यातले भिजलेले दगड मात्र चुलीला लावू नयेत, कारण आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटू शकतात.

सरावाची सुरुवात पडवीच्या आडोशाने करावी, नंतर डोक्यावर फक्त ताडपत्री, आणि शेवटी हात ओले व गार असताना. हा शेवटचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पावसात भिजून वाऱ्यावर तासन्‌तास राहिलेल्या माणसाच्या शरीराचे तापमान 35 अंशांखाली जाऊ शकते, त्यासाठी बर्फाचा प्रदेश लागत नाही, आणि त्याआधीच बोटे बधिर होऊन काडी ओढणेही अवघड होते. जे हातांना आधीपासून अंगवळणी पडलेले असते, तेवढेच त्या वेळी घडते. ज्योत दिसली म्हणजे जमले असेही समजू नये. तांब्याभर पाणी खळखळून उकळले आणि किमान एक मिनिट उकळत राहिले, तर आग पेटली म्हणावे, आणि तेच पाणी पिण्यास योग्य होते. ज्या घरात अजून रोज चूल पेटते, तिथल्या काकूंना किंवा आजींना विनंती करून भर पावसातल्या सकाळी त्यांची चूल तुम्ही पेटवून पाहा. त्यांच्याइतके ओल्या सरपणाचे ज्ञान कोणत्याही शिबिरात मिळत नाही.

लाकडावर लाकूड घासून आग काढण्याच्या नादी लागू नये, असे मी सुचवेन, कारण आपल्या दमट हवेत त्यावर घालवलेला वेळ सरपण निवडण्यावर घालवलेला बरा. दोन लायटर, घट्ट झाकणाच्या डबीत काडेपेटी, थोडा कापूर आणि सायकलच्या ट्यूबचे तुकडे एवढे सोबत असावे. लायटरचे चाक भिजून ठिणगी पडेनाशी झाली, तर ते कोरड्या कापडावर वारंवार फिरवावे.

हे केवळ भटक्यांसाठी आहे असेही नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा झाडे पडून रस्ते अडले आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. ज्यांच्या मांगरात (बागेतल्या किंवा शेतातल्या खोपट्यात) कोरडी फाटी होती आणि चूल पेटवणारे हात होते, त्यांचे निदान अन्नपाणी अडले नाही.

काही बाबतींत मात्र कसूर चालणार नाही. माघापासून वैशाखापर्यंत सड्यावरचे (जांभ्याच्या उघड्या पठारावरचे) गवत वाळलेले असते आणि एका ठिणगीने वणवा लागून आंबा-काजूच्या बागा जातात, तेव्हा त्या दिवसांत उघड्यावर सराव नकोच. राखीव वनात आग पेटवणे भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार गुन्हा आहे. काजूच्या बियांची टरफले जाळू नयेत, त्यांतल्या तेलाने कातडीला फोड येतात आणि धूर डोळ्यांना झोंबतो. दगडाखाली किंवा पाचोळ्यात उघडा हात घालू नये, कारण रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसे हा विषारी साप तिथेच दबा धरून असते. दोडामार्ग भागात 2016 पासून गोचिडींमुळे होणारा माकडतापही आढळला आहे. बंद तंबूत वा खोलीत आग कधीही ठेवू नये, तिथला विषारी वायू झोपेतच जीव घेतो.

विझवण्याचाही सराव करा. सोडणाची आग वरून राख दिसत असली तरी आत बराच वेळ धुमसत राहते. म्हणून पाणी ओतून काठीने ढवळावे, पुन्हा ओतावे, आणि हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन ऊब उरलेली नाही याची खात्री झाल्यावरच तिथून उठावे.