वाचकांचे प्रश्न : माइंड मॅपच्या रेषा चौकटीला का भिडत नाहीत?

प्रश्न : दहावीच्या इतिहासासाठी जेएसमाइंड ही जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरून वेबपानावर माइंड मॅप (रेषांनी जोडलेल्या चौकटींचा आराखडा) केला. फॉण्ट ‘मुक्त’ नावाचा, गूगल फॉण्ट्सवरून घेतलेला. पान पहिल्यांदा उघडलं की चौकटी एकमेकींवर चढतात, रेषा भलतीकडेच संपतात. रिफ्रेश केलं की सगळं ठीक. चूक कुठे आहे?

उत्तर : रिफ्रेशनंतर ठीक होतं, म्हणजे चूक तुमच्या डेटात नाही. पहिल्या वेळी फॉण्ट नेटवरून येत असतो, दुसऱ्या वेळी कॅशमधून, म्हणजे ब्राउझरने साठवलेल्या प्रतीतून मिळतो. जेएसमाइंडमधला प्रत्येक नोड, म्हणजे चौकट, हा साधा एचटीएमएल घटक असतो. मॅप पानावर मांडणारं ‘शो’ फंक्शन चालतं तेव्हा त्याची रुंदी-उंची मोजली जाते आणि त्या मापावरून जागा व रेषा ठरतात. माप घेतलं गेलं पर्यायी फॉण्टमध्ये. मागाहून ‘मुक्त’ आला, चौकटींचा आकार बदलला, जागा मात्र जुन्याच राहिल्या.

तेव्हा फॉण्ट हाती आल्यावरच ‘शो’ चालवा. इथे बरेच जण फॉण्ट आल्याचं कळवणाऱ्या ‘डॉक्युमेंट.फॉण्ट्स.रेडी’वर विसंबतात आणि फसतात. पानावर त्या फॉण्टातलं एकही अक्षर अजून नसेल, तर ब्राउझरने तो मागवलेलाच नसतो, आणि ‘रेडी’ लगेच होकार देऊन मोकळं होतं. त्याऐवजी फॉण्ट मुद्दाम मागवणारं ‘डॉक्युमेंट.फॉण्ट्स.लोड’ वापरा. पहिल्या जागी आकार आणि फॉण्टचं नाव, दुसऱ्या जागी ‘म’सारखं एखादं देवनागरी अक्षर द्या. हे अक्षर गाळू नका. गूगल फॉण्ट्स देवनागरी आणि रोमन अक्षरांच्या फाइली वेगळ्या ठेवतं. अक्षर दिलं नाही तर ब्राउझर नुसती स्पेस धरतो आणि रोमन फाइल आणून गप्प बसतो. मधला नोड ठळक असेल तर 700 वजनाचा फॉण्टही असाच वेगळा मागवा.

जाता जाता: लायब्ररीच्या सीएसएसमध्ये (दिसणं ठरवणाऱ्या फाइलमध्ये) ओळीची उंची 1.125 आहे. रोमन लिपीला ती चालते. आपल्याकडे दोन ओळींचा नोड झाला की वरच्या ओळीतले उकार खालच्या वेलांट्यांना टेकतात. ती 1.5 करा, तीही ‘शो’च्या आधी.

प्रश्न : लॅपटॉपवर इन्सर्ट कीच नाही. उपनोड कसा जोडायचा?

उत्तर : नव्या आवृत्त्यांत कंट्रोल-एंटर चालतं. जुनी आवृत्ती असेल तर ‘शॉर्टकट’मधल्या मॅपिंगमध्ये ‘अॅडचाइल्ड’ला दुसरी की द्या. ‘एडिटेबल’ हा पर्याय ट्रू केलेला असायला हवं, नाहीतर कुठलीच की नोड जोडणार नाही.

प्रश्न : मुलांनी केलेले माइंड मॅप डेटाबेसमध्ये ठेवून एकमेकांना दाखवायचे आहेत. काय सांभाळावं?

उत्तर : मॅपचा डेटा देणाऱ्या ‘गेट डेटा’ फंक्शनला ‘नोड अॅरे’ हा प्रकार द्या. प्रत्येक नोडची आयडी, पालक नोडची आयडी आणि मजकूर अशी सपाट यादी मिळते, ती टेबलात सरळ बसते. आयडी दुबार आली तर दुसरा नोड जोडलाच जात नाही, फक्त कन्सोलमध्ये एरर पडते. म्हणून आयडी हाताने 1, 2, 3 अशा देऊ नका, दर वेळी वेगळी आयडी देणारं लायब्ररीचं यूयूआयडी फंक्शन वापरा. जतन फक्त ‘एडिट’ घटनेवर, म्हणजे मॅपमध्ये बदल झाला की करा, तेही सेकंदभर थांबून. ‘सिलेक्ट’वर, म्हणजे नोड निवडल्यावर केलंत तर प्रत्येक क्लिकला सर्व्हरकडे फेरी होईल.

सगळ्यात आधी मात्र ‘सपोर्ट एचटीएमएल’ हा पर्याय फॉल्स करा. तो मुळात ट्रू असतो, त्यामुळे एखाद्याने नोडमध्ये टाकलेला एचटीएमएल कोड तो मॅप उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये चालू शकतो.