वही पुन्हा उघडा

अमेरिकेत पोर्टलंडला राहणाऱ्या एका ताईंची मुलगी शाळेत ओरेगॉन ट्रेलवर, म्हणजे एकोणिसाव्या शतकात बैलगाड्यांचे तांडे ज्या वाटेने पश्चिमेकडे वसायला गेले तिच्यावर, प्रकल्प करत आहे. तेव्हापासून यजमान त्यांना ऐकवतात, "त्या बायका बैलांच्या गाड्यांबरोबर दोन हजार मैल आल्या, पण तोंडातून ब्र काढला नाही, तुझी मात्र घरबसल्या कुरकूर." आपण खरोखरच दुबळ्या आहोत का, असे त्या विचारतात.

ताई,

तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर एक वाक्य आहे: 'पूर्वी रोज रात्री वहीत लिहायचे, इथे आल्यापासून वेळच मिळत नाही.' तुम्ही ते ओलांडून पुन्हा यजमानांच्या बोलण्याकडे वळलात. मी तिथेच अडले.

यजमानांचे म्हणणे साफ चुकीचे आहे, आणि ते चुकीचे आहे हे आपल्याला कळते, ते त्या बायकांनी लिहून ठेवले म्हणूनच. गाडी पीठ, खारवलेले मांस आणि भांड्यांनी भरलेली असे, त्यामुळे मिसूरीपासूनची चार ते सहा महिन्यांची वाट बहुतेकांनी पायीच तुडवली. प्लॅट नदीच्या काठाने जळणाला झाडे नव्हती, म्हणून बायका-मुले बायसनच्या रानशेणी वेचत चालत. १८४९पासूनच्या काही वर्षांत पटकीने असा कहर केला की सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत पुरला जाई, आणि दिवसभरात वाटेत किती थडगी दिसली याचा हिशेब कित्येकींनी रोजनिशीत मांडला आहे. याला कोणी ब्र न काढणे म्हणत असेल, तर त्याने रोजनिशी वाचलेली नाही.

अमेलिया स्टुअर्ट नाइट १८५३च्या एप्रिलमध्ये नवरा आणि सात मुलांसह आयोवाहून निघाल्या. पाऊस, चिखल, आजारी मुले, मेलेली जनावरे, सारे त्यांनी लिहिले. एकदा लुसी ही त्यांची मुलगी मागेच राहिली आणि कोणाच्या ध्यानातही आले नाही. मागून येणाऱ्या तांड्याने तिला आणून पोहोचवले, हेही लिहिले. मात्र आपण गरोदर आहोत, हे त्यांनी कुठेच सरळ लिहिले नाही. प्रवास संपता संपता आठवे मूल जन्मल्याची नोंद येते, तेव्हा वाचकाला उलगडा होतो. एवढे लिहिणाऱ्या बाईचेही सर्वांत जवळचे ओझे वहीबाहेर राहिले. तुम्ही तर वहीच मिटून टाकली आहे.

वेळ मिळत नाही, ही सबब मी ऐकणार नाही. दिवसभर चालून, स्वयंपाक करून, ओले कपडे वाळत घालून त्या लिहीत होत्या. आज रात्री भांडी तशीच राहू द्या आणि लिहायला बसा, मराठीत, कोणाला दाखवण्यासाठी नव्हे. पहिली नोंद पोर्टलंडला यायचे ठरले त्या दिवसाची असू द्या: कोणी ठरवले, तुम्हाला कोणी विचारले, तुम्ही काय उत्तर दिले. पत्रात तुम्ही हे कुठेही सांगितलेले नाही.

यजमानांनी पुन्हा त्या बायकांचा दाखला दिला, तर वाद घालू नका. तारीख घालून तेही लिहून ठेवा.