तपासणीच्या दिवशी दुखलंच नाही तर?

“मॅडम, दिव्यांग प्रमाणपत्रासाठी डॉक्टरांच्या बोर्डासमोर जायच्या दिवशी मला काहीच होत नसलं तर? खोटं बोलते म्हणतील ना?”

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांकडून हा प्रश्न नेहमी येतो. पूर्व विदर्भातल्या एका मुलीनंही तोच विचारला. वय तेवीस, एसएस पॅटर्न, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेली. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे, हे आशाताईंनी तिला सांगितलं होतं. दिव्यांग प्रमाणपत्राच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्जही भरून झाला होता.

“कशी आहेस?” मी विचारलं. “बरी आहे.” शेजारी बसलेली आई उसळली, “बरी कुठची? रोवणीत गार पाण्यात उभी राहिली की दोन दिवसांत हातपाय धरून बसते!” मग एकेक निघालं. दवाखान्यात भरती, रक्त चढवणं, खुब्याचं दुखणं. पोरीला कुरकुर न करण्याचं वळण लागलेलं. डॉक्टरांनाही ती “बरी आहे” असंच सांगणार होती.

अशा येऊन-जाऊन असणाऱ्या दुखण्यात त्या दिवशीच्या चेहऱ्यापेक्षा कागद जास्त बोलतात. आम्ही पिशवीतले डिस्चार्ज कार्ड तारखेवार लावले. सिकलसेल पक्का करणाऱ्या एचपीएलसी रक्ततपासणीचा रिपोर्ट, रक्त चढवल्याच्या नोंदी, खुब्याचा एक्स-रे. मग तिच्याकडून वदवून घेतलं: दुखणं उठलं की काय करता येत नाही, किती दिवस. वाढवून काही सांगायचं नाही, पण झाकायचंही नाही. टक्केवारी नुसत्या आजाराच्या नावावर ठरत नाही, त्यानं शरीराचं काय केलंय यावर ठरते.

आईला धाकट्याचाही अर्ज करायचा होता. तो एएस, म्हणजे वाहक. त्याला प्रमाणपत्र मिळत नाही, हे मी सरळ सांगितलं. “प्रमाणपत्रानं पोरीचं लग्न अडेल का” हा आईचा खरा घोर. लपवून झालेल्या लग्नाचे हाल मी जास्त पाहिलेत. लग्न ठरवताना नवऱ्या मुलाचीही सिकलसेलची तपासणी करून घ्या, एवढंच म्हटलं.

तिला लाभांसाठी लागणाऱ्या ४० टक्क्यांच्या वर मिळाले. नसते मिळाले, तर ठरलेल्या मुदतीत अपील करता येतं. नकाराचं कारण लेखी द्यावं लागतं, ते मागून घ्यायचं.

आता संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढणं चालू आहे. नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात मात्र रक्ताचे आजार धरलेले नाहीत. उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागांत धरले आहेत. म्हणून ती अर्धवट सोडलेलं बीए पूर्ण झाल्यावर पुढच्या प्रवेशाची चौकशी करतेय.