पावसाळ्यात गाडीच्या दाराच्या रबरातून पाणी आत येतं आणि पॉवर विंडो अडखळते, काय करावं?

दोन्हींचं मूळ बहुधा एकच: सुकलेलं, मातीनं भरलेलं रबर. काचेच्या खाचेतलं रबर कोरडं पडलं की काच घासत वर चढते, मोटरवर ताण येतो आणि शेवटी रेग्युलेटरची, म्हणजे काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेची, केबल तुटू शकते. म्हणून मोटर बदलण्याआधी रबर बघा.

बादलीभर पाण्यात थोडा कार शॅम्पू टाकून रबरं पुसा, सावलीत पूर्ण वाळू द्या. मग कापडावर सिलिकॉन स्प्रे घेऊन दाराच्या रबरावर पातळ थर फिरवा. काचेच्या खाचेत नळीनं थोडंसंच मारा, काच चार-पाच वेळा खालीवर करा, काचेवर आलेलं लगेच पुसा. मे अखेरीस आणि दिवाळीनंतर, वर्षातून दोनदा पुरे.

चकाकी येते म्हणून डिझेल, इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस मात्र कधीच लावू नका. ही रबरं बहुतेक ईपीडीएम या कृत्रिम रबराची असतात. खनिज तेलानं ती फुगतात, मऊ पडतात आणि खोबणीतून सुटू लागतात.

गळती कुठे आहे ते शोधायला कागदाची पट्टी दारात अडकवून ओढा. सहज निघाली, तर तिथलं रबर चेपलंय. ते बदलावंच लागेल. दाराच्या खालच्या कडेची निचऱ्याची भोकंही बघा. ती बुजली की पाणी दारातच साचतं आणि पत्रा आतून गंजतो. प्लास्टिकच्या झिप टायनं मोकळी करा, तारेनं रंग खरवडतो.